दोनशे एकवीस

चार हजार एकशे सहा ओळी.
पहिलीच्या डोक्यावर आंबेरकरांची टीप,
अक्षरं रोमन, भाषा मराठी:
'याला हात लावू नये. चालतंय.'

चालत होतंच की.
आधी नाव विचारायचं, मग पासवर्ड,
आणि पासवर्ड असा मोठ्याने सांगायचा
की वाटेतल्या कुणीही ऐकावा.
शेजारी किल्ली ठेवून गावाला जायच्या काळातलं वळण.
आता तेच अहवालात लाल अक्षरांत आलंय
आणि पुढच्या आवृत्तीतून काढून टाकायचं काम
माझ्या नावावर.

नोंदी चाळल्या. एकच गिऱ्हाईक उरलेलं.
बॅलार्ड इस्टेट. रोज सहा दहाला एक फाइल.
रविवारी नाही.

सीप्झहून गेले. कुणी सांगितलं नव्हतं.
तिसरा मजला, लिफ्ट बंद,
खुर्शेद मिस्त्री, चष्मा कपाळावर.
'ते तर आपोआप जाते, बाई.'
काय जातं?
'उद्याची जहाजं. पेपरला.'
पेपर बंद पडून अकरा वर्षं झाली
हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

सहा दहा. यंत्र कुरकुरलं.
कुठल्याशा कुलूपबंद कपाटातून उत्तर आलं:
दोनशे वीस. म्हणजे, या.
दोनशे सव्वीस. पोचलं.
दोनशे एकवीस.
याचा अर्थ निरोप. पण निघणाऱ्यालाही आपण
'या'च म्हणतो.

रात्री आंबेरकरांना फोन केला, बदलापूरला.
मागे कुकरची शिट्टी.
'अजून होतं ते?' म्हणाले.
'अगं, ते तात्पुरतं लिहिलं होतं.
एका शनिवारी. घाईत.'
मग बराच वेळ नुसता कुकर.

काढलं.
चाचण्या सगळ्या हिरव्या.
प्रोग्राम ऐंशी केबीने हलका झाला,
कुणाच्या लक्षातही येणार नाही एवढा.
कारण लिहायच्या चौकटीत लिहिलं, 'वापरात नाही.'
पुसलं.
'वापर थांबवला' लिहिलं.
त्यात निदान कुणीतरी थांबवणारं आहे.

आवृत्ती गेली त्या सोमवारी, सहा वीसला,
मीच फोन लावला.
'आज बोलते, असा रस्ता ओळखत नाय.'
मग?
'मग काय? वहीत उतरवून ठेवली.
चार जहाजं.
एक उशिरा आहे.'