सोळा मिलिमीटर

जॅनिस हेग खुर्चीत आडवी व्हायच्या आधी
खिशातली काडेपेटी माझ्या ट्रॉलीवर ठेवते.
"आधी हे बघ, लव्ह. मग माझ्या भुवया."

हडर्सफील्डमध्ये मंगळवारी गिऱ्हाईक कमी.
खालच्या बेकरीतून करपल्या साखरेचा वास,
वर माझी एक खोली: एक दिवा, एक खुर्ची,
भिंतीवर परवान्याची चौकट,
आणि लोकांच्या कपाळाखाली
एकेक केस कोरायचं काम.

काडेपेटीत कापूस, कापसात दगडाची कपची.
करडी, एका कडेला सायीसारखी पांढुरकी,
माझ्या करंगळीच्या नखाहून जराशी लांब.
"सोळा मिलिमीटर. मी मोजलीय.
नऊ हजार वर्षं म्हणतात. ती मी मोजली नाहीत."

तीस वर्षं ती मार्सडनच्या माळावर राखणदार होती.
निवृत्तीनंतरच्या एप्रिलात माळ पेटला.
कुणीतरी सहलीची शेगडी तशीच टाकून गेलेलं.
ही रबरी झोडपणं घेऊन धावली,
वारा फिरला,
डावी भुवई गेली, उजवीचा तुकडा राहिला.
मग जळकी, भुसभुशीत माती वाहून गेली
आणि खाली, एखादा माणूस मांडी घालून बसावा
एवढ्याशा जागेत,
अडतीस कपच्या.
"संग्रहालयात दिल्या सगळ्या. ही सही करून आणलीय.
शुक्रवारी परत."

हा दगड इथला नाही, ती सांगते.
पूर्वेच्या खडूच्या टेकड्यांतून कुणी पाठीवर आणलेला.
अशा पाच-सहा पाती एका काठीच्या खाचेत,
बर्चच्या डिंकाने चिकटवायची.
"एक तुटलं तर एकच बदलायचं.
अख्खा बाण कशाला टाकायचा?"

मी माझं हत्यार पाकीट फाडून काढते.
प्लास्टिकच्या मुठीत, तिरप्या ओळीत, अठरा सुया.
ती चष्मा लावून बघते. बराच वेळ.
काही बोलत नाही, नुसती नाकातून हसते.

अप्पा सांगोल्याच्या स्टँडमागे
खिळ्याला आरसा टांगून बसायचे.
वस्तरा चामड्याच्या पट्टीवर सात वेळा पालथा, सात वेळा उताणा,
आणि मग धार अंगठ्याच्या नखावर.
अडली तर गिऱ्हाईक. घसरली तर परत पट्टी.
धोकटीला मला हात लावू द्यायचे नाहीत.
"तू ऑफिसात बस. पंख्याखाली."

मी कपची उचलते,
जॅनिसकडे न बघता नखावर टेकवते.

अडली.

जिने पाडली, किंवा ज्याने,
त्या माणसानेही अशीच पाहिली असेल का,
कोण सांगणार.
नखं होती, एवढं नक्की.

मग क्रीम, वीस मिनिटं, दोरीने आखणी.
डाव्या अंगठ्याने कातडी ताणायची,
उजव्या हाताने श्वास सोडता सोडता ओढायचं.
आवाज येतो,
कोरा कागद कुणी चोरून फाडावा तसा.
उजव्या भुवईत, जिथे भाजल्याची गुळगुळीत रेघ आहे,
ती माझं मनगट धरते.
"तिथे काही नको. तेवढी वाट राहू दे."
मी वाटेच्या अलीकडे थांबते,
पलीकडे पुन्हा सुरू करते.

आरशात बघून म्हणते, "चिडलेली दिसतेय मी."
रंग उतरेल, मी सांगते, आठवड्यात अर्धा.
खपली धरेल. खाजवायचं नाही.
दहा दिवस पाणी नको, वाफ नको,
आणि कृपा करून आगीपाशी जाऊ नका.
दीड-दोन वर्षांत सगळंच फिकं पडेल,
तेव्हा परत या.

सुया पिवळ्या डब्यात टाकते. टक्.
एकदाच वापरायच्या, मग भट्टी.
तिची काडेपेटी बंद होते, जवळपास तसाच आवाज.
जिन्यावर तिचे जड बूट, मग बेकरीची घंटी,
काहीतरी गोड घेत असणार.

माझ्या अंगठ्याच्या नखावर पांढरा ओरखडा.
नख वाढेल तसा पुढे सरकेल.
उन्हाळ्यापर्यंत टोकाला येईल,
मग नेलकटर.