दीड ओळ

अर्ज एका पानाचा आहे.
वर नाव, मग विद्यार्थी क्रमांक, मग दोन रकाने:
सोडायचा विषय, घ्यायचा विषय.
खाली कारणासाठी दीड ओळ.
म्हणजे दीड ओळीत मावेल एवढंच कारण असावं.

मिस कोवालचिक पडद्यावर बोट ठेवते.
तीन पॉइंट एकतीस.
“तू हुशार आहेस, पण हा आकडा कुणाला सांगणार नाही
की सी प्लस कशात मिळाला होता.”
पोलादात, असं मी म्हणत नाही.
वाकणाऱ्या तुळईच्या त्या गणितात,
जे रात्री दोनला मला सुटलं
आणि सकाळी नऊला परीक्षेत पुन्हा अडून बसलं.

मानसशास्त्र घे, ती म्हणते.
उरलेली चार सत्रं सगळीकडे ए आले, तर
तीन पॉइंट पासष्ट.
मेडिकल कॉलेजं निदान पाकीट उघडतील.
तिनं कॅल्क्युलेटर माझ्याकडे फिरवला.
माझी पुढची दोन वर्षं
एका टिंबाच्या उजवीकडे बसली होती, अंग चोरून.

बाबा मन्रोव्हिलला औषधांच्या दुकानात गोळ्या मोजतात,
निळ्या ट्रेवर, सुरीच्या टोकानं, पाच-पाच.
फोनवर म्हणाले, पाटी बदलली म्हणून दुकान बदलत नाही.
मागून आई: आणि एकदा डॉक्टर झाल्यावर
विचारतंय कोण?

खरंय. कोण विचारतंय.
चौथीत मी आइस्क्रीमच्या काड्यांचा पूल केला होता,
दोन खुर्च्यांच्या मधे,
आणि त्यावर आईचा कुकर ठेवला होता. रिकामा.
टिकला.
मग वरणभातासकट ठेवला.
त्या संध्याकाळी आम्ही पिझ्झा मागवला
आणि फरशीवरचं वरण पुसता पुसता
मी आईला सांगत होते, चूक कुठल्या काडीत होती.

शनिवारी हॉस्पिटलात व्हीलचेअर ढकलते.
तेही पुढे लिहायचं असतं, तासांच्या हिशेबासह.
मिस्टर डुगनना एक्स-रेला नेत होते.
बत्तीस वर्षं भट्टीवर; भुवया अजून नीट उगवत नाहीत.
“काय शिकतेस, पोरी?”
मानसशास्त्र. पहिल्यांदाच तोंडातून निघालं,
अर्ज अजून बॅगेतच होता.
“बरं झालं. मग मला सांग,
मी तीनदा लग्न का केलं?”
मी हसले. लिफ्ट खाली चालली होती,
आणि मी मनात त्यांचं वजन, माझं वजन, खुर्चीचं वजन
दोरखंडावर टांगून बघत होते.

मुलाखतीत विचारतील, का बदललंस?
उत्तर डेल्फिननं तयार करून दिलंय, माझ्या रूममेटनं;
तिनं स्वतः रसायनशास्त्र सोडून इतिहास घेतलाय
आणि तिला आता ट्रूमन खरंच आवडायला लागलाय म्हणते.
उत्तर असं: मला माणसं समजून घ्यायची होती.
आरशासमोर तीनदा म्हटलं.
चौथ्यांदा जरा खरं वाटायला लागलं,
तेव्हा दिवा मालवला.

आज अर्ज दिला.
दीड ओळीत लिहिलं: वैयक्तिक आवड.
अर्धी ओळ उरली.
खिडकीतल्या माणसानं न वाचता शिक्का मारला.

मग नदीपलीकडे खोलीवर जायची बस.
पुलाच्या टोकाशी चाकं धडधडली,
पुढच्या सीटवरचं बाळ दचकून जागं झालं.
काही बिघडलेलं नाही, मी त्याच्या आईला सांगणार होते,
तिथे मुद्दामच फट ठेवतात.
पोलाद उन्हाळ्यात लांबतं, थंडीत आखडतं,
त्याला हलायला जागा लागते.
फेब्रुवारीत फट सगळ्यात रुंद असते.

हे मी परीक्षेत बरोबर लिहिलं होतं.