माशी

नळीच्या टोकावर लोखंडाचं एक उभं कुसळ असतं,
त्याला माशी म्हणतात.
मागच्या खाचेत ती मधोमध बसली,
दोन्हीकडे उजेडाची सारखी फट दिसली
की श्वास अर्धा सोडायचा
आणि बोटाला कळू न देता बोट ओढायचं.
एवढं मला प्रोकोपीनं लग्नाच्या पहिल्या थंडीत शिकवलं.
पुढचं शिकवायची वेळ आली नाही,
खारी तोच मारायचा.

यंदा त्याच्या दोन्ही डोळ्यांत दूध उतरलंय.
याकुत्स्कचा डॉक्टर म्हणाला, अल्दान मोकळी होऊ दे, मग बघू.
खारींची कातडी नदीसाठी थांबत नाहीत.

म्हणून आज लार्चच्या खोडाला घट्ट दुधाचा रिकामा डबा.
पंधरा पावलं. माझी, त्याची नव्हे.
कोपराखाली रेनडियरचं कातडं, बर्फावर पालथी मी.
पहिली गोळी डब्याच्या डावीकडे, सालीत.
दुसरी तिच्या शेजारी.
तिसरी दोघींना चिकटून.
तिन्ही भोकं एका बटणाखाली झाकली जातील,
आणि डबा नवाकोरा.

प्रोकोपी ओंडक्यावर बसून नुसता ऐकत होता.
"पत्रा वाजला नाही.
बंदूक बरोबर आहे, ओक्त्याब्रीना. माशी शिंकली ती तुझ्याकडे."
"तिन्ही एकाच जागी गेल्या.
हात चुकला असता तर पांगल्या असत्या."

त्यानं पाईप पेटवला. विझू दिला.

"डावीकडे?"
"चार बोटं. आणि जरा खाली."
"खालचं सोड. नजर नळीवरून चालते, गोळी नळीतून.
इतक्या जवळ दोघींची अजून गाठच पडलेली नसते."
"माशी कानशीनं उतरवली तर?"
"कानस फक्त नेते, परत आणून देत नाही.
पन्नास पावलांवर तीच उंची मागत फिरशील.
आडवं तेवढं बघ. माशी डावीकडे सरकव."
"डावीकडेच?"
"चूक जिकडे पळाली
तिकडेच माशीनं तिच्या मागे जायचं."

समोवारची तुटलेली पितळी चावी
मी माशीच्या बुडाला टेकवली, वरून हातोडी.
टक.
हलली नाही.
हातमोजा काढला, लोखंडानं बोटांची साल मागितली.
टक.
तेव्हा दिसली ती रेघ,
नळीवरून माशीच्या बुडावर सरळ उतरलेली,
कधीतरी खिळ्याच्या टोकानं ओढलेली.
इथून हलायचं नाही, असं त्याच्या डोळ्यानं
लोखंडाला बजावून ठेवलेलं.
तीस हिवाळ्यांच्या खारी, सेबल,
मुलांचे बूट, मीठ, चहा, हा समोवारसुद्धा
त्याच रेघेवरून घरात आलेला.

मी जरा थांबले.
"काय झालं?" तो म्हणाला.
काही नाही म्हटलं.
टक.
रेघेची दोन अर्धुकं झाली,
मध्ये केसभर जागा.

चौथी गोळी. पत्रा वाजला.
पाचवी. वाजला.
सहावीनं डबाच उडाला, उतारावरून खडखडत गेला,
प्रोकोपीनं मान त्या आवाजामागे शेवटपर्यंत वळवली.

"दे इकडे."

डबा उचलून मी परत खोडाला लावला.
तो पालथा झाला, गाल दस्त्याला लावला
जसा उशीला लावतो, न बघता.
त्याला तिथं उजेडाचा एक गोळा दिसत असेल,
किंवा तेवढाही नाही.
बराच वेळ घेतला. घेऊ दिला.

आवाज झाला, बारीकसा, सुकी काटकी मोडावी तसा.
मग काहीच नाही.
वरून थोडं बर्फ झडलं.

मी तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला,
"उजवीकडे गेली ना?"

आणि अंगठ्याचं नख माशीच्या बुडावरून फिरवलं,
रेघेच्या एका टोकाकडून दुसऱ्याकडे,
मध्ये अडखळून.
"एवढीच?" म्हणाला.