बुधवारी शिवराक

पाचाऐवजी चार बांगडे मागितले,
तेव्हा एस्पेरांसाने पाटीवरचं ओलं गोणपाट
तसंच हातात धरून विचारलं,
"कोण गेलं गो घरातलं?"

कोणी गेलं नव्हतं.
सासरे पेपर वाचत होते, नवरा दाढी करत होता,
नणंद न्हाणीत, मुलगा अजून अंथरुणात.
पाचवी मी. तिच्यासमोर, ताट घेऊन.

सोमवार असता तर बोलावं लागलं नसतं.
सोमवारी अर्धं माशेल शिवराक असतं,
देव मध्ये उभा असतो, कोणी कोणाला विचारत नाही.
बुधवारी मासे न खाणाऱ्या बाईला
कारण लागतं.

कारण तसं लहान आहे.
म्हार्दोळला तळीत पाय सोडून बसले होते,
तर मासोळ्यांनी येऊन अंगठ्याला तोंडं लावली.
चावा नाही, गुदगुलीही म्हणवत नाही;
आंधळ्याने ओळख पटवायला
चेहऱ्यावरून बोटं फिरवावीत, तसं.
त्या रात्री ताटातल्या तारल्याला तोंड होतं.
पूर्वीही असणारच.
मीच डोकं मोडून ताटाच्या कडेला ठेवत आले.

भावोजी वास्कोहून आले, म्हणाले,
"वहिनी, लाल भाजीलाही जीव असतो."
म्हटलं, "असेल. आणखी वाढू?"
मग जरा थांबून म्हणाले,
"पण तुमच्या हुमणाचं आता काय?"
हा मात्र खरा प्रश्न होता.

हुमण अजून मीच करते.
खोबरं, मिरच्या, चिंच,
शेवटी ठेचून तेफळं.
मीठ तेवढं चाखता येत नाही, अंदाजाने टाकते.
पहिल्या आठवड्यात दोनदा खारट झालं.
मला कळलं ते मुलगा तांब्याभर पाणी प्यायला तेव्हा.
चौघांतल्या एकानेही
चकार शब्द काढला नव्हता.

फोंड्याला एका हॉटेलच्या काचेवर लिहिलंय,
शुद्ध शाकाहारी.
तिथे जेवले मी. तोणाक बरं होतं.
पण येताना तो पहिला शब्द
काचेवरच राहू दिला.
तो घरात आणला, तर सासूबाईंनी
जन्मभर पेडवे चिरले
त्या विळीला काय म्हणायचं?
बाळंतपणात माझ्या अंगावर दूध यावं म्हणून
पैसे न घेता मुडदुशा देऊन गेलेल्या
या बाईच्या हातांना काय म्हणायचं?

रात्रभर मनाशी भाषण जुळवलं होतं,
त्यातलं एक वाक्य आठवेना.
तोंड चुकवून आत जाणं सोपं होतं.
पण वीस वर्षांची गिऱ्हाईक मी,
तिने माझी उधारी कधी लिहूनसुद्धा ठेवली नाही.
म्हटलं, "तुज्या नुस्त्यांत खोड ना गो.
म्हज्याच तोंडाचें कितें तरी जालां."

माशाचा कल्ला उचकटून
ताजा की शिळा बघावं,
तसं तिने मला बघितलं.
मग म्हणाली,
"आमचो कोरेज्म चाळीस दीस.
तुजो कितले दीस?"
म्हटलं, "मेजूंक ना."
तिने चार बांगडे ताटात टाकले,
वर एक बारका.
"पांचवो माजराक."
मांजर नाही आमच्याकडे, तिला ठाऊक आहे.

शुक्रवारी पाटीच्या तळाशी
वर्तमानपत्रात गुंडाळलेली भेंडी निघाली,
तिच्या परसातली, जुव्याची, सात शिरांची.
एकीला खवला चिकटला होता.
तो मी नखाने काढला, तिच्या देखत,
तीही बघत राहिली.
भाव तिने बांगड्यांचाच लावला.

मी घासाघीस केली.
नेहमीपेक्षा जास्तच केली, आवाज चढवून,
शेजारची खिडकी उघडेपर्यंत.