गार हात

योएन्सूच्या नर्सिंग शाळेत, दुसऱ्या मजल्यावर,
आमच्याकडे एक खोटी खोली आहे.
पलंग खरा, घंटा खरी, खिडकीबाहेरचा बर्फ खरा,
आणि म्हातारी मी.
डोक्याला रुमाल बांधते, खुर्चीच्या कडेला टेकते
आणि आत येईल त्याला विचारते,
"धार काढली का?"

साम्पो म्हणाला, "आजी, इथे गाय नाही.
हे रुग्णालय. आज मंगळवार."
मी रडून दाखवलं. वीस वर्षं शिकवतेय,
रडू मला लगेच येतं.
ईरिस म्हणाली, "हो, काढली की."
"मग बादली कुठंय?"
ती बिचारी खरोखर वाकून पलंगाखाली पाहू लागली.
वर्ग हसला.
खोटं बोललं की बादली दाखवावी लागते,
हे मी फळ्यावर लिहिलं नाही.

हिल्लाने विचारलं, "गाईचं नाव काय?"
तिला मी पैकीच्या पैकी दिले.

फेब्रुवारीत खऱ्या वॉर्डात गेलो.
इम्पी. नव्वद पूर्ण.
अकराव्या वर्षी गाव सोडलं, ते गाव आता सीमेपलीकडे.
दावं हातात धरून तीन आठवडे चालली,
एवढं फायलीत आहे.
गाईचं पुढे काय झालं, ते फायलीत नाही.
प्रश्न तिचाच.
गेल्या वर्षी तिच्याकडून उचलून मी वर्गात नेला.
विचारलं नव्हतं तिला.

काळोख पडू लागला तशी ती उठली, दार चाचपू लागली.
"धार काढली का?"
हिल्ला खाली बसली, डोळ्यांना डोळे, शिकवल्याबरहुकूम.
"गाईचं नाव काय, इम्पी?"
"तुला काय करायचंय?"
हात झटकला. पेला उडाला. पाणी पार दारापर्यंत.
हिल्लाने माझ्याकडे पाहिलं.
पुढचं वाक्य
मलाही ठाऊक नव्हतं.

भिजलेली बाही सारखी करायला हिल्लाने तिचं मनगट धरलं,
उणे बावीसातून आलेले हात,
वर जंतुनाशक चोळून आणखी गार केलेले.
इम्पी दचकली.
मग तिनेच ते दोन्ही हात पकडले,
उलटसुलट करून पाहिले,
कामाला आलेल्या नव्या पोरीचे पाहावेत तसे.
"असल्या हातांनी? असल्या हातांना ती पान्हा सोडेल होय?"
आणि आपल्या तळव्यांत घेऊन चोळू लागली,
मधूनच हाऽ करून तोंडाची वाफ देत,
बराच वेळ.
"आधी हात गरम करायचे. मग बोलत राहायचं तिच्याशी.
काहीही बोल.
तिला शब्द नाही कळत गं,
आवाज कळतो."

मी पेन काढलं.
रकाने होते: संवाद, स्वच्छता, सुरक्षितता.
पाणी सांडलं म्हणून सुरक्षिततेचा एक गुण कापला.
नियम आहे.
बाकी जे झालं त्याला रकाना नव्हता,
म्हणून समासात काहीतरी लिहिलं
आणि ते मला आता वाचता येत नाही.

दुसऱ्या दिवशी इम्पीने तिला ओळखलं नाही.
"कोण गं तू?"
"आलेच," हिल्ला म्हणाली,
आणि बेसिनपाशी जाऊन
गरम पाण्याच्या नळाखाली हात धरून उभी राहिली.
आतून इम्पी विचारत होती.
नळ वाहत होता.
मी बंद कर म्हटलं नाही.