चाळीस सेंटांचा वायसर

नळ गळत होता, एवढंच.
सप्टेंबरातल्या एका मंगळवारी लिअँडर म्हणाला,
वायसर गेलाय. चहा टाक, उकळेस्तोवर होतंय.

मी चहा टाकला.

वायसरसाठी नळ काढला,
नळाबरोबर पाइप आला हातात,
गंजून बिस्किटासारखा.
पाइपासाठी सिंक उचललं.
सिंकखालची फळी त्यानं बोटानं दाबली
तर बोट आत.
बाहेर काढून बोटाचा वास घेतला आणि म्हणाला,
व्हर्ना, इकडे ये जरा.

लग्नाच्या सदतीस वर्षांत
या चार शब्दांनंतर काही स्वस्त घडलेलं नाही.

मग जमीन निघाली.
आमचं राखाडी लिनोलियम,
त्याखाली त्याच्या आईचं, लाल गुलाबांचं,
त्याखाली त्याहून जुनं, निळं,
चुलीपुढे तेवढं झिजून पांढरं पडलेलं:
दोन पावलांची जागा.
कोण होती, ठाऊक नाही. मी पाय ठेवून पाहिले.
माझ्याहून लहान होते तिचे.

हेडली पेनी नुसता बघायला आला.
बघायला येणारा माणूस सगळ्यात महाग पडतो.
त्यानं खिशातून लेव्हल काढून चौकटीवर ठेवली
आणि बुडबुडा पार एका टोकाला जाऊन बसला,
वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखा.
दोघं बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले.
लेव्हलच बिघडलीय, हेडली म्हणाला, दयेनं.

ऑक्टोबरात भिंत उघडली.
आत रंध्याची सालपटं आणि अठ्ठेचाळीस सालची वर्तमानपत्रं,
थंडी अडवायला कोंबलेली.
हातातली पहार ठेवून तो वाचत बसला.
मला मोठ्यानं ऐकवू लागला
हेरिंगचा भाव, कुणाची तरी हरवलेली गाय.
समुद्राकडून वारा थेट स्वयंपाकघरात येत होता.
सापडली का, मी विचारलं.
पुढचं पान नाहीये, म्हणाला.

नोझवर्दीच्या दुकानात आता त्याला नावानं हाक मारतात.
मला हिशेबाच्या आकड्यानं.

नोव्हेंबरात तो घराखाली शिरला.
आमच्याकडे घरं लाकडी खुंटांवर उभी असतात,
ओल्यात उभ्या कोळ्यांसारखी.
टॉर्च हलताना दिसत होता फटींतून, मग थांबला.
हातोडीचा आवाज नाही. शिवी नाही.
शिवी नाही म्हणून मी घाबरले.

व्हर्ना, इकडे ये जरा.

पोटावर सरपटत गेले, या वयात, नाइटगाउनवर त्याचं जाकीट.
एक खुंट आखूड होता.
त्याच्या नि तुळईच्या मध्ये
ठोकून चपटा केलेला तंबाखूचा डबा,
त्यावर बुटाचा तळवा,
आणि तुळईवर पेन्सिलीनं:
तात्पुरतं. फक्त हा हिवाळा. १९७१.

अक्षर त्याच्या बापाचं.
अझारायाचं, ज्यानं नऊ वर्षांच्या पोराला
एकच खिळा तीनदा उपटून
तीनदा ठोकायला लावला होता,
काम करायचं तर नीट, नाहीतर हात लावू नकोस.

लिअँडर हसला. जमिनीला पाठ लावून,
तोंडात माती जाईस्तोवर हसला.
मग हसू बंद झालं
आणि आम्ही तसेच पडून राहिलो,
वरती आमचं सगळं घर,
बुटाच्या एका तळव्यावर.

नवा खुंट त्यानं शेजारी रोवला.
जुन्याला हात लावला नाही.

आता जानेवारी आहे.
सिंक अंगणात आहे, बर्फानं काठोकाठ.
भांडी मी गुडघ्यांवर बसून टबात घासते,
चूल बैठकीत आहे, बैठक जिन्यात.
वायसर मात्र नवा आणलेला आहे,
चाळीस सेंटांचा, बशीत,
खिडकीपाशी, हरवू नये म्हणून.

काल रात्री जेवताना
लिअँडर मान वर करून छताकडे बघत होता.
मी काही विचारलं नाही.
चहाही टाकला नाही.