माया

हलच्या हॉस्पिटलात, तळघरात, माझी खोली.
फळीवर प्लास्टरचे चेहरे,
सगळ्यांचे डोळे मिटलेले,
आणि एक लाकडी हातोडी.

केन स्टॅदर्स, वय एक्याऐंशी.
उभी हयात आइसलंडच्या बाजूला, ट्रॉलरवर.
वाऱ्यामिठानं कमावलेली कातडी.
नाकाच्या डाव्या कुशीला, डोळ्याच्या अगदी शेजारी
मोत्यासारखा दाणा.
"एवढ्याशाला एवढा थाट?" म्हणाला,
आणि तोंडावर ओलं प्लास्टर चढलं तेव्हा
माझी बाही धरली.
वाळेपर्यंत सोडली नाही.

आज त्या पांढऱ्या चेहऱ्यावर मी शिसं ठोकते.
दोन मिलिमीटरचा पत्रा. इतका मऊ
की नखानं ओरखडा उठतो,
तरी किरणं इथवरच.
ठक, ठक. कपाळ. भुवई.
गालावर जुनी खाच आहे, विंचच्या तारेची,
अडुसष्टच्या हिवाळ्यातली.
तीसुद्धा शिशात उतरली.

सुक्याबरोबर ओलंही जळतं, म्हणतात आमच्याकडे.
ते खोटं पाडायचा
मला पगार मिळतो.

आता भोक.
डॉक्टरीणबाईंनी गोल आखून दिलाय:
दाणा, आणि भोवती पाच मिलिमीटर.
त्या पाचाला इथे मार्जिन म्हणतात.
बार्शीला आत्या ब्लाउज बेतायची
तेव्हा खडूच्या रेघेबाहेर बोटभर कापड राखायची.
माया सोड गं, म्हणायची,
नाहीतर पहिल्याच धुण्यात उसवतं.

पण आत्या, तुझी माया आत दुमडून राहायची,
पुढे अंग भरलं की कामाला यायची.
ही जळणार.
दाण्याची मुळं कुठवर गेलीत
ते यंत्रालाही नीट दिसत नाही,
म्हणून पाच मिलिमीटर धडधाकट केन
मी त्याच्या हवाली करते.
कात्री फिरते तेव्हा
हात थोडा आत, थोडा आत जाऊ बघतो.
मोजपट्टी त्याला बाहेर आणते.

बाकीचा सगळा राखला.
पापणी, ओठ, नाकाचा शेंडा,
आणि डोळ्यासाठी एक चिमुकली वाटी,
बुबुळावर बसेल अशी,
आतून मेण लावून गुळगुळीत केलेली.

शेवटच्या दिवशी तो खोलीत डोकावला.
नाकाशेजारी लालभडक चकती, सोलवटलेली,
कड मात्र रेखीव.
डोळ्याला पाणी होतं,
डोळा जागेवर होता.
"मधला गेला, ठीक," चकतीच्या कडेला बोट नेत म्हणाला,
"हा बाहेरचा काठ कशाला भाजला?"

"मार्जिन," मी म्हटलं.
दुसरा शब्द जिभेवर आला होता,
पण तो समजावत बसले असते
तर त्याची हेसल रोडची बस चुकली असती.